सात नंबरच्या पेशी आणि माझे चार विद्यार्थी

तीर्थरूप मामा,

वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलेली आहे असं समजा. गेले तीन आठवडे मायक्रोस्कोपवर वाकून कंबर त्याच कोनात राहिली आहे, त्यामुळे नमस्कारासाठी वेगळं वाकायची गरज उरलेली नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी फोनवर सांगत होती की डॉक्टरांनी जिना चढायला बंदी केल्यावर तुम्ही पाठमोरे चढायला लागलात, कारण पाठमोरं चढू नका असं काही त्यांनी लिहून दिलेलं नाही. चाळीस वर्षं कोर्टात कारकुनी केलेला माणूस स्वतःच्या गुडघ्यालासुद्धा पळवाट काढून देतो, यात मला नवल वाटलं नाही. पण मामा, गुडघा काही अपिलात जात नाही. तेव्हा कृपा करून खालीच झोपा. मामीची तब्येत तिच्या आवाजावरून ठणठणीत वाटली. आम्ही सगळे मजेत. सासूबाईंना नवा चष्मा लागला आहे आणि त्यातून त्यांना माझ्या स्वयंपाकघरातलं बरंच काही नव्याने दिसू लागलं आहे. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

तुमचं कार्ड पोचलं. 'तुझी पेशी कधी संपते ते कळव म्हणजे येतो' हे वाक्य मी आमच्या संचालिकाबाईंना वाचून दाखवलं, तेव्हा त्या प्लॅस्टरातला हात टेबलावर आपटून हसल्या. (प्लॅस्टर कसलं, ते पुढे येतंच.) मामा, तुमच्या कोर्टात पेशी म्हणजे तारीख. ती एकदाची संपते, निदान पुढे ढकलता येते. माझी पेशी ढकलता येत नाही. तिला रविवारीसुद्धा खायला लागतं. तुमच्या शेजारचे काका म्हणतात तशी मी बाटलीत मुलंही वाढवत नाही, हे तुम्ही त्यांना एकदा बसवून सांगा. सांगताना असं सांगा: मूल होत नाही म्हणून जोडपी उपचार घेतात, त्यात कधीकधी गर्भ जास्तीचे तयार होतात. पाच दिवसांचे गर्भ. तुम्ही अर्जाच्या शेवटी पूर्णविराम देता ना, त्याहूनही लहान. त्यांचा उपयोग उरला नाही की ते टाकूनच द्यायचे असतात, पण काही जोडपी सही करून ते संशोधनाला देतात. त्यातून आलेल्या या पेशी. त्यांनी अजून काहीच ठरवलेलं नसतं. हृदय व्हायचं, मेंदू व्हायचं, की पायाच्या करंगळीचं नख व्हायचं, सगळ्या वाटा मोकळ्या. आणि माझं काम एवढंच, की त्यांना काही ठरवू द्यायचं नाही. रोज त्यांचं गुलाबी पाणी बदलायचं, अंगाला लागेल एवढी ऊब द्यायची, खाली दुसऱ्या पेशींची सतरंजी अंथरायची आणि गर्दी झाली की तुकडे करून नव्या डिशमध्ये बसवायचं. एक दिवस दुर्लक्ष झालं की कडेची एखादी पेशी परस्पर काहीतरी ठरवून मोकळी होते, आणि तिचं बघून शेजारच्याही ठरवतात. (आपल्या घरात तीन मुलांनी एकाच वर्षात परस्पर लग्नं ठरवली, तेव्हा तुमचं जे झालं होतं ते माझं रोज सकाळी होतं.)

आमच्याकडे अशा बारा प्रकारच्या पेशी आहेत, बारा निरनिराळ्या गर्भांपासून आलेल्या. त्यांतल्या सात नंबरच्या माझ्या विशेष लाडक्या. एकोणीस वर्षं त्या माझ्या हाताखाली आहेत. ज्या जोडप्याने तो गर्भ दिला त्यांचं नाव मला ठाऊक नाही आणि कधी कळायचंही नाही. कुलूपबंद कपाटात एक कागद आहे, त्यावर नावांच्या जागी फक्त सात हा आकडा आणि खाली 'समजून उमजून देत आहोत' अशा अर्थाच्या चार ओळी. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी आधी ते कपाट दाखवते आणि मग मायक्रोस्कोप. कोणीतरी आपलं काहीतरी विश्वासाने दिलेलं आहे, एवढं डोक्यात बसलं की हात आपोआप जपून चालतात, असा माझा अनुभव.

तर मूळ मुद्दा. बाहेरच्या संशोधकांना या पेशी सांभाळायला शिकवण्याचा तीन आठवड्यांचा वर्ग आमच्याकडे पहिल्यांदाच ठरला होता. शिकवणार होत्या संचालिकाबाई. पत्रकावर त्यांचा फोटोही छापला होता. आणि वर्ग सुरू व्हायच्या दोन दिवस आधी बाई आमच्याच इमारतीच्या जिन्यात, 'जिना नुकताच पुसलेला आहे, सावकाश चालावे' ही पाटी वाचता वाचता घसरल्या आणि उजवं मनगट मोडून बसल्या. मी दवाखान्यात भेटायला गेले तर कण्हता कण्हता म्हणाल्या, "सोमवारपासून तू शिकवायचंस." मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलताहेत. शुद्धीत विचारलं तरी तेच. मामा, मी उभ्या आयुष्यात कोणाला काही शिकवलेलं नाही. माझ्या स्वतःच्या मुलीला मी सायकल शिकवायला गेले, तर तिसऱ्या दिवशी ती सायकल सोडून पोहायला शिकली. पण नाही म्हणायला त्या बाईंनी मला जागाच ठेवली नाही, कारण शेवटच्या दिवशी वरून एक समिती येणार होती. विद्यार्थ्यांच्या डिश बघून ती ठरवणार, की हा वर्ग कायमचा सुरू ठेवायचा की पहिला तोच शेवटचा.

सोमवारी चार विद्यार्थी हजर. एक डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. या पेशींपासून डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या पेशी करायचं त्यांच्या मनात आहे. शांत, मोजकं बोलणाऱ्या, आणि हात असे की बघत राहावं. दोघं एका औषध कंपनीतून आलेले. ते एकाच वेळी हसत, एकाच वेळी जांभई देत आणि एकाचं वाक्य दुसरा पुरं करत असे, म्हणून मी त्यांचं नाव जोडगोळी ठेवलं. आणि चौथे प्राध्यापकसाहेब. वय साठीला टेकलेलं, एका मोठ्या विभागाचे प्रमुख, या पेशींवर त्यांची दोन जाडजूड पुस्तकं. (त्यांतलं एक आमच्याकडे मायक्रोस्कोपची उंची साधायला त्याच्याखाली ठेवलेलं होतं. ते येण्यापूर्वी पाच मिनिटं मला आठवलं, आणि मी ते काढून त्याजागी टेलिफोनची जुनी डिरेक्टरी सरकवली.) त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि मला विचारलं, "बाई, संचालिका कधी येतील?"

"त्यांचा हात मोडलाय. मी शिकवणार आहे."

"बरं. तुमची डॉक्टरेट कशात?"

"बीएस्सी आहे, साहेब. सेकंड क्लास."

प्राध्यापकसाहेबांनी वही मिटली, पेनाला टोपण लावलं आणि सरळ संचालिकाबाईंच्या खोलीकडे चालू लागले. मागोमाग मी, आणि माझ्यामागे वरात निघाल्यासारखी जोडगोळी. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझे दोन्ही हात धड होते तेव्हाही इथल्या पेशी हिच्याच हातांवर जगत होत्या. मी फक्त लेख लिहिते. तुम्हाला लेख लिहायला शिकायचं असेल तर इथे बसा, माझा डावा हात मोकळा आहे." प्राध्यापकसाहेब मुकाट्याने परत आले. आणि मामा, मी त्या बोळातून परत येताना कशी चालत होते ते तुम्ही बघायला हवं होतं. बावीस वर्षांत तो बोळ एवढा रुंद आहे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

पहिला आठवडा मी त्यांना पेशी दाखवल्या, पण हात लावू दिला नाही. रिकाम्या डिशमध्ये नुसतं गुलाबी पाणी घालायचं आणि काढायचं. बाटलीचं झाकण उपडं ठेवायचं नाही, उघड्या बाटलीवरून हात न्यायचा नाही, काम करताना बोलायचं नाही, फोन खोलीबाहेर ठेवायचा. आम्ही औषधं घालून जंतू दाबून टाकत नाही, म्हणजे ज्याची सवय वाईट त्याची डिश दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बोंब मारते. घड्याळं, बांगड्या, अंगठ्या काढा म्हटलं, तर प्राध्यापकसाहेबांची अंगठी निघेना. सासऱ्यांनी लग्नात घातलेली, आणि तीस वर्षांत त्या बोटाने तिला पोटात घेतलेलं. साबण झाला, थंड पाणी झालं, जोडगोळीने एकेका बाजूने धरून ओढून पाहिलं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी दोऱ्याचे वेढे देऊन अलगद काढली. साहेब बोटाकडे बघत म्हणाले, "आता घरी काय सांगू?" तोवर मला वाटत होतं की यांना कोणाची भीती वाटत नसेल. त्या क्षणापासून मला ते जरा आवडायला लागले.

पण हात मात्र कापायचा हो त्यांचा. पिपेट (थेंब मोजून उचलायची नळी) धरली की तिचं टोक नाचायचं. मी बघितलं की जास्तच नाचायचं. पहिल्या शुक्रवारी मी सात नंबरच्या पेशी चौघांना एकेक डिश करून दिल्या. रविवारी त्यांना खायला घालायची पाळी डॉक्टरीणबाईंची होती. फळ्यावर लिहिलं होतं, आणि पाळी बदलायची नाही हेही खाली लिहिलं होतं.

सोमवारी सकाळी मी इन्क्युबेटर (पेशींना ऊब देणारं कपाट) उघडला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. चारही डिश पिवळ्या. नुसत्या पिवळ्या नव्हेत, गढूळ. मायक्रोस्कोपखाली धरल्या तर जंतूंची झुंबड. माझ्या सात नंबरच्या पेशी त्यांच्याखाली गोळा होऊन मरून पडलेल्या. मी माणसांच्या मरणाला पुष्कळदा गेले आहे, रडलेही आहे, पण डिश टाकताना मला जे होतं ते कोणाला सांगता येत नाही, कारण ऐकणारा म्हणतो, दुसरी कर की. मी चारही डिशवर जंतुनाशक ओतलं आणि फळ्याकडे बघितलं. मग सगळ्यांदेखत डॉक्टरीणबाईंना बोलले. खूप बोलले, मामा. मी म्हटलं, रोग्याच्या डोळ्याला हात लावताना तुम्ही अशाच निष्काळजी असता का? त्या पांढऱ्या पडल्या, पण एक अक्षर बोलल्या नाहीत. मला ते अक्षर न बोलणंही उद्धटपणाचं वाटलं. मग मी थंड खोलीत जाऊन दार लावून घेतलं. (तिथे चार अंश तापमान असतं. तिथे फार वेळ रडता येत नाही, नाकच साथ देत नाही. कामाच्या ठिकाणी रडायला त्याहून चांगली सोय नाही.)

दुपारी सगळे मिळून इन्क्युबेटर धूत होतो. एकेक फळी काढायची, पुसायची, परत पुसायची. प्राध्यापकसाहेब पाण्याचा ट्रे घासत होते, आणि घासता घासता थांबले.

"बाई, रविवारी मी आलो होतो."

मला आधी अर्थच लागला नाही. "कुठे?"

"इथे. यांच्याकडून मी पाळी मागून घेतली. कोणी बघत नसताना एकदा करून पाहावं म्हणून. छान जमत होतं. मग फोन आला."

"फोन बाहेर ठेवायचा असतो."

"खिशात राहिला होता. बायकोचा होता. कपाटाची किल्ली सापडत नव्हती तिला. मी... खांद्याने कानाशी धरला आणि काम चालू ठेवलं. खाली बाटली उघडीच होती." मग ते डॉक्टरीणबाईंकडे वळले आणि म्हणाले, "सकाळी तुम्ही बोलणी खाल्लीत आणि मी उभा राहून ऐकलं. साठ वर्षांचा माणूस आहे मी. माफ करा."

जोडगोळीतला एक जण नुसता श्वास घ्यायला लागला तर दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. मी काय करावं? एकीकडे अंगाचा तिळपापड झाला होता, आणि दुसरीकडे मला माझीच लाज वाटत होती, कारण न विचारता, न ऐकता फळा बघून निकाल दिला तो मी. (तुमच्या कोर्टातसुद्धा समोरच्याला निदान काय म्हणायचंय ते विचारतात.) मी हातातलं फडकं खाली ठेवलं, डॉक्टरीणबाईंसमोर गेले आणि सगळ्यांदेखत बोलले होते म्हणून माफीही सगळ्यांदेखत मागितली. त्या एवढंच म्हणाल्या, "पाळी दिली ती माझीही चूक. आता पुढे काय?"

पुढे काय, हा प्रश्न खराच होता. सात नंबरच्या जिवंत पेशी होत्या नव्हत्या तेवढ्या मी त्या चार डिशमध्येच वाटल्या होत्या. लिक्विड नायट्रोजनच्या टाकीत सात नंबरच्या गोठवून ठेवलेल्या मोजून नऊ कुप्या शिल्लक. त्यातली एक वर्गासाठी काढायची म्हणजे माहेरचं सोनं मोडण्यासारखं. आणि गोठलेल्या पेशी जागवल्या की बहुतेक मरतात, थोड्या जगतात. त्या थोड्या दिसू लागायला पाच दिवस, तुकडे करण्याजोग्या व्हायला आठवडा. समिती यायला अकरा दिवस. म्हणजे प्रत्येकाला एकदाच संधी, चुकलं तर चुकलं. संचालिकाबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "टाकी तुझी, वर्ग तुझा." मी कुपी काढली. कोमट पाण्यात धरली, बर्फाचा शेवटचा खडा विरघळतोय न विरघळतोय तोवर बाहेर, आणि थेंबाथेंबाने डिशमध्ये. चौघं माझ्यामागे उभे होते.

मंगळवारी काही नाही. बुधवारी नुसता पाचोळा तरंगत होता. प्राध्यापकसाहेब रोज सकाळी माझ्याआधी येऊन दाराबाहेर उभे. आत येऊ का, असंही विचारायचे नाहीत. मी डिश बघून बाहेर 'नाही' अशी मान हलवली की निमूट टेबलाशी जाऊन रिकाम्या डिशवर सराव करत बसायचे. गुरुवारी मीच त्यांना विचारलं, साहेब, एवढी पुस्तकं लिहिलीत, मग या वयात हा हाताचा खटाटोप कशासाठी? त्यांनी पिपेट पुसून ठेवली. मग म्हणाले की पाच महिन्यांपूर्वी एका विद्यार्थिनीच्या डिश सारख्या मरत होत्या, म्हणून ते तिला रागावले. ती म्हणाली, सर, तुम्ही हे स्वतः कधी केलंय का? आणि तीस वर्षांत त्यांनी ते एकदाही केलेलं नव्हतं. कायम कोणीतरी करून आणून दिलेलं. "तिला उत्तर द्यायचंय," म्हणाले. मामा, त्यानंतर मी त्या माणसाला परकं समजले नाही. मी त्यांना हाताचं सगळं सांगितलं. कोपर टेकवायचं, करंगळीचा खुंट करायचा, पेशी चिरायची सुई टेकवताना श्वास सोडायचा. तरी टोक नाचतच होतं. मग माझ्या लक्षात आलं, की हा माणूस डिशकडे बघतच नाही, स्वतःच्या हाताकडे बघतो. मी म्हटलं, साहेब, मनाला दुसरं काम द्या. एकोणतीसचा पाढा येतो का? ते म्हणाले, लहानपणी यायचा. मास्कच्या आतून पुटपुटायला लागले, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, एकोणतीस चोक एकशे सोळा, आणि त्या विचारात हात विसरले. सरावाला दिलेल्या सतरंजीच्या पेशींवर सरळ रेघ उमटली. काम करताना बोलायचं नाही हा नियम माझाच. तो मी प्राध्यापकसाहेबांपुरता एकोणतीस पंचे एकशे पंचेचाळीसपर्यंत शिथिल केला.

शनिवारी डिशमध्ये एक ठिपका दिसला. कडा गुळगुळीत, आतल्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगून. मी सगळी डिश शोधली. एक नाही, अकरा. मी बाहेर येऊन मान हलवण्याऐवजी बोटं दाखवली, दोन्ही हातांची दहा आणि मग एक. आणि हे विभागप्रमुख, दोन पुस्तकांचे लेखक, बोळात जागच्या जागी उडी मारते झाले. जोडगोळीने एकमेकांना मिठी मारली. डॉक्टरीणबाई हसल्या, तेव्हा मला कळलं की त्यांच्या गालाला खळी पडते. इतके दिवस मी ती पाहिलीच नव्हती. रविवारी पाळी मीच केली.

मंगळवारी प्रत्येकाने तुकडे केले. अकरातले दोन ठिपके प्राध्यापकसाहेबांना, तीन-तीन बाकीच्यांना. (दोन त्यांनीच मागितले. म्हणाले, माझ्या हातून वाया गेले तर कमी जावेत.) मी त्यांच्या शेजारी बसले, पण बघितलं नाही, मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले. मास्कमधून एकोणतीस सक ऐकू आलं, साते ऐकू आलं. मग गप्प. वळून बघते तर दोन्ही ठिपके जाळीसारखे नीट चिरलेले आणि तुकडे नव्या डिशमध्ये तरंगताहेत.

शुक्रवारी समिती आली. तिघं जण, तिघांचे चष्मे नाकावर. डॉक्टरीणबाईंच्या डिशमध्ये चाळीस ठिपके, जोडगोळीच्या दोन डिशमध्ये मिळून पन्नासेक. समितीच्या मुख्य बाईंनी प्राध्यापकसाहेबांची डिश मायक्रोस्कोपखाली ठेवली, आणि खूप वेळ डोकं वर केलं नाही. शेवटी म्हणाल्या, "यात फक्त पाच आहेत." मग पुन्हा बघून म्हणाल्या, "पण पाचही अगदी स्वच्छ. कोणाची डिश?" साहेब उभे राहिले. त्यांना तिघंही ओळखत होते. एकाने तर त्यांचंच पुस्तक वाचून परीक्षा दिलेली. साहेब म्हणाले, "माझी. तीस वर्षं मी या पेशींवर बोलत आलो, हात पहिल्यांदा लावला तो या खोलीत. मागच्या आठवड्यात माझ्या चुकीने सगळ्यांच्या डिश मेल्या. तरी या बाईंनी मला बाहेर काढलं नाही. तुम्हाला वर्गाबद्दल काही लिहायचं असेल तर एवढं लिहा." मी खाली मान घालून उभी होते, कारण वर केली असती तर मास्कच्या वरचं सगळं दिसलं असतं.

समितीने वर्ग कायमचा केला. वर्षातून दोनदा, आणि शिकवणारी म्हणून माझं नाव. मामा, बाबा गेल्यावर तुम्ही मला बोट धरून शाळेत नेलंत, तेव्हा मास्तरांना म्हणाला होतात की मुलगी बेताची आहे पण हात चांगला आहे. तो हात चांगला आहे हे आता लेखी झालं आहे. सात नंबरच्या त्या दोघांना हे कळवता येत नाही, म्हणून तुम्हाला कळवते आहे. चार जण तीन गावांत आज त्यांच्या पेशी सांभाळताहेत, आणि चौघांनाही ते मी शिकवलंय.

मामीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला विश्रांती.

तुमची,
हात चांगला असलेली भाची

ता. क. सगळं वर लिहिलं ते अक्षरशः खरं आहे, फक्त परवा कार्यालयातून एक कागद आला ते लिहायचं राहिलं. वर्ग कायमचा झाला, म्हणून त्याला नियम लागू झाले. नियम असा, की शिकवणाऱ्याने मान्यताप्राप्त वर्ग स्वतः पूर्ण केलेला असावा. मान्यताप्राप्त वर्ग सध्या एकच आहे, माझा. तो पूर्ण केलेली माणसं चार आहेत. त्यांत मी नाही, कारण त्या वेळी मी शिकवत होते. संचालिकाबाई प्लॅस्टरातल्या हातानिशी तीनदा भांडून आल्या, उपयोग झाला नाही. तेव्हा पुढच्या वर्गात मी विद्यार्थिनी म्हणून बसणार आहे, आणि चौघांतले ज्येष्ठ म्हणून शिकवायला नेमलेत प्राध्यापकसाहेब.

ता. क. दोन. हे पत्र लिहायचं खरं कारण. प्रवेशअर्जाला माझा शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो माझ्या लग्नाच्या वेळी 'तुझ्याकडे हरवेल' म्हणून तुम्ही तुमच्या लोखंडी पेटीत ठेवलात. नक्कल चालत नाही. महिनाअखेरीआधी रजिस्टर पोस्टाने पाठवा, आणि पेटी माळ्यावर असली तर पाठमोरेसुद्धा चढू नका, मामीच्या भाच्याला चढवा.

ता. क. तीन. पत्र तुम्ही चारचौघांत मोठ्याने वाचता हे मला माहीत आहे. सहीपर्यंतच वाचा.

ता. क. चार. पत्र पाकिटात घालत होते, एवढ्यात प्राध्यापकसाहेबांचा फोन आला. जरा चाचरत म्हणाले, "बाई, पहिल्या दिवशी मी नक्की काय शिकवू?" मी म्हटलं, मी विद्यार्थिनी, मला काय विचारता? तरी पाऊण तास सांगितलं आणि त्यांनी सगळं लिहून घेतलं. शेवटी संकोचून म्हणाले की तुम्ही वर्गात यायची गरजच नाही, तुमची हजेरी मी घरबसल्या लावून टाकतो. मी म्हटलं, साहेब, असली थेरं माझ्या वर्गात चालत नाहीत.